ढोल-ताशा पथकाची सुपारी : ऐकू काय आलं, दिसलं काय

लातूरच्या गंजगोलाईत आमचं भांड्यांचं दुकान आहे. लग्न होऊन या घरात आले त्याला २३ वर्षं झाली, आणि तेव्हापासून गणपतीची प्रत्येक मिरवणूक मी दुकानाच्या ओट्यावरून बघत आले. यंदा गल्लीच्या गणपतीसाठी पथक ठरवायचं काम पहिल्यांदाच माझ्याकडं आलं. पुढच्या वर्षी ज्यांना सुपारी द्यायची आहे त्यांच्यासाठी हे लिहिते. आपण विचारतो काय, तर ढोल किती, पोरं किती, पैसे किती. पथक ऐकू कसं येणार, दिसणार कसं आणि या दोन्हींचं एकमेकांशी जमतं का, हे कुणीच विचारत नाही. यंदा मी विचारलं, आणि त्यामुळं बराच फरक पडला.

पथकाचं नाव लिहीत नाही. बाहेरगावचं आहे, त्यात बहुतेक शाळा-कॉलेजची लेकरं आहेत, आणि मी त्यांच्या चुकाही लिहिणार आहे.

व्यवहार आधी सांगते. ३५ हजारांची सुपारी ठरली, इसार १० हजार दिला. टेम्पोचं भाडं वेगळं, आल्यावर नाश्ता आपला. ४५ जणांना पुरेल एवढा सुशीला (चुरमुऱ्यांचा नाश्ता) आणि चहा आमच्या गल्लीतल्या बायकांनी केला. २८ ढोल, ८ ताशे, ४ झांजा, १ टोल (ठोके द्यायची धातूची जाड थाळी) आणि ४ ध्वज, असे मोजून ४५. यायला पन्नास मिनिटं उशीर झाला. निघाल्याचा फोन मात्र वेळेवर केला होता, त्यामुळं आरती थोडी मागं घेता आली. वादन रात्री पावणेदहाला थांबवलं. दहाच्या आत थांबायचं हे त्यांना एकदाही सांगावं लागलं नाही.

इसार देण्याआधी मी त्यांचा सराव बघायला गेले होते. हे प्रत्येकानं करावं. मैदानाच्या एका टोकाला पथक, दुसऱ्या टोकाला मी, मधे शंभरेक मीटर. पुढच्या ओळीतलं टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, ढोलाच्या पानावर पडताना दिसायचं, आणि ठोका कानावर येईपर्यंत ते परत वर गेलेलं असायचं. नदीच्या पल्याड कुणी धुणं आपटत असेल तर असंच होतं, आधी हात खाली येतो आणि मागून आवाज. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरला जवळजवळ ०.३ सेकंद. मिनिटाला १२० ठोके पडत असतील तर एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत अर्धा सेकंदच असतो. इतक्या लांबचा माणूस अर्ध्या ठोक्याहून जास्त मागं ऐकतो.

पथकप्रमुखांना मी विचारलं, "दादा, रस्त्यावर तुमची रांग किती लांब होते?"

"तीसेक मीटर, ताई."

"मग ताशे कुठं ठेवता?"

ते हसले आणि म्हणाले, हा प्रश्न सुपारी द्यायला आलेल्या कुणी विचारल्याचं आठवत नाही. ताशे मधे असतात. ताशा ठेका धरतो आणि ढोल त्याच्यामागं जातात. ताशे सगळ्यात पुढं उभे केले तर शेवटच्या ओळीला ते तीस मीटरवरून ऐकू येणार, आणि शेवटच्या ओळीचा ढोल पुढं पोचेपर्यंत तेवढाच वेळ परत जाणार. मधे ठेवले की दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा मीटर, फरक निम्म्यावर येतो. जुन्या वादकांनी हे नुसत्या कानानं ओळखलेलं आहे.

माझा भाचा पुण्यात शिकतो. त्यानं मला अमेरिकेतल्या ड्रम कॉर्प्सचे कार्यक्रम फोनवर बघायची सवय लावली. पितळी वाद्यं, ढोल आणि ध्वजवाले, सगळे मिळून दीडशेच्या आसपास जण फुटबॉलच्या मैदानावर चालत वाजवतात. ड्रम कॉर्प्स इंटरनॅशनल या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली झाली. तिथं ढोलवाले बऱ्याच वेळा मैदानाच्या मागच्या बाजूला मधोमध असतात, आणि पुढचे वादक मागून येणारा आवाज ऐकत वाजवतात. त्यांचे प्रेक्षक एकाच बाजूला बसतात, म्हणून हे जमतं. मागून निघालेला ठोका पुढच्यांना सोबत घेऊन प्रेक्षकांपर्यंत एकदमच जातो. आपले लोक रस्त्याच्या दोन्ही कडांना आणि वर गच्चीवर उभे असतात, म्हणून आपला ताशा पोटात. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला. दोन्हीकडच्या माणसांनी एकच अडचण आपापल्या जागेप्रमाणं सोडवली आहे.

पण ताशा पोटात ठेवल्यानं दुसरी अडचण तयार होते. तो दिसत नाही. चारी बाजूंनी उंच ढोलवाले, त्यावर फेटे. ताशाची कडकड अंगावर येते, डोळे तो कुठं आहे ते शोधत राहतात, आणि तोवर मिरवणूक पुढं जाते. मी इतकी वर्षं बघते आहे, पण ताशा वाजवणाऱ्याचे हात मला मोजून तीन-चार वेळाच दिसले असतील. मी पथकप्रमुखांना म्हणलं, आमच्या दुकानापुढं एकदा तरी ताशा दिसला पाहिजे. आणि दुसरी गोष्ट सांगितली, ती आमच्या आत्याबाईंची.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. विसर्जन करून गाव झोपलं होतं, आणि चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. मी तेव्हा सातवीत होते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दुकानाच्या वर राहायच्या. त्या सांगतात की आधी खालून भांड्यांचा आवाज आला, आणि मग घर हलतंय हे कळलं. मांडणीवरची भांडी सगळी खाली. आता त्या ७८ वर्षांच्या आहेत. दुकानापुढनं ढोल गेला, मांडणीवरचे स्टीलचे डबे एकमेकांवर थरथरायला लागले की त्यांचा हात आपोआप बाजेच्या कडेला जातो आणि कड घट्ट धरतो. दर वर्षी. मिरवणूक त्यांना आवडते. माळ्यावर जाऊन बसा म्हणलं तर ऐकत नाहीत, गादीवरच बसायचं असतं.

पथकप्रमुखांनी ऐकून घेतलं, मोठं काही आश्वासन दिलं नाही. "बघतो, ताई. ढोल गप्प नाही करता येत, पण काहीतरी बसवतो," एवढंच.

ज्यांनी गंजगोलाई बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. १९१७ ची गोल बांधणी, मधे जगदंबेचं देऊळ, भोवती दुकानं, आणि १६ रस्ते येऊन मिळतात. मिरवणूक या गोलाला वळसा घालून जाते. त्यामुळं कुठंही उभं राहिलं तरी पथक पूर्ण दिसत नाही. समोरच्या पाच-सहा ओळी दिसतात, बाकीच्या वळणाआड. पुढच्या टोकाला मागचं टोक दिसत नाही, म्हणजे हाताच्या खुणाही दिसत नाहीत, आणि आवाज भिंतींवर आपटून दोनदा ऐकू येतो. कितीतरी चांगली पथकं इथं येऊन विस्कटलेली मी बघितली आहेत.

हे पथक वळणावर आलं तेव्हा आधी ध्वज दिसले. डोक्यांच्या वर फक्त चार भगवे ध्वज, आणि ते ठेक्यात पुढं येत होते. ढोलवाले दिसायच्या आधीच लय डोळ्यांना कळली. मग पथकप्रमुख धावत ओट्यापाशी आले. "ताई, पाच मिनिटं इथं उभा राहू का?" मी दोन पातेली बाजूला केली. नंतर लक्षात आलं की त्यांनी जागा विचार करून निवडली होती. गोलाच्या आतल्या कडेला उभं राहिलं तर मधल्या इमारतीआड दोन्ही टोकं जातात. बाहेरच्या कडेला, त्यातही ओट्याच्या उंचीवर, वळणावरचं पुढचं आणि मागचं दोन्ही दिसतं, आणि दोघांनाही आपला हात दिसतो.

त्यांनी हात वर केला. ढोलाच्या दोन ओळी दोन बाजूंना दोन-दोन पावलं सरकल्या. २८ उजवे हात टिपरू घेऊन वर गेले आणि तिथंच थांबले. टिपरांच्या टोकांना लाल कापडाच्या पट्ट्या होत्या, त्या तेवढ्या हलत होत्या. डावे हात ढोलाच्या दुसऱ्या तोंडावर, नुसती थाप. आवाज एकदम मऊ झाला. आणि त्या उघडलेल्या वाटेत आठ ताशे, सगळ्यांत पुढं एक मुलगी, नववी-दहावीची असेल. ताशा गळ्यात, काड्या इतक्या बारीक आणि हात इतके खाली की कोपर हललेलं दिसत नव्हतं, मनगटच चालत होतं. तांब्याच्या भांड्यावर पान ताणलेलं, त्याच्या कडेला एक ठोका आणि मधे दोन, असं चालू होतं. कडेचा आवाज कोरडा, मधला भरलेला. हा फरक ऐकायला यायचा, पण तो हाताच्या कुठल्या हालचालीतून येतो हे मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं.

मला या पथकाबद्दल मुख्य सांगायचं आहे ते हेच. टिपरू वर गेलं हे दिसायला सुंदर होतं, आणि टिपरू वर गेलं म्हणूनच आवाज खाली आला. ओळ फाकली हे चित्र होतं, आणि ओळ फाकली म्हणूनच ताशा मोकळा ऐकू आला. डोळ्यांसाठी केलेलं आणि कानांसाठी केलेलं असं वेगळं काढताच आलं नसतं.

मांडणीवरचे डबे गप्प झाले. एक पितळेची घागर तेवढी थोडा वेळ आतल्या आत घुमत राहिली, पितळ लवकर थांबत नाही. मी मागं वळून बघितलं. आत्याबाईंचा हात मांडीवर होता. मान पुढं काढून त्या बघत होत्या. "ते लेकरू कुणाचं गं? काय वाजवुलालंय बघ," म्हणाल्या.

मग ताशाची तिहाई झाली, म्हणजे एकच बोल तीनदा, टिपरू खाली आले आणि २८ ढोल एकदम. डबे हलले. पण ते येणार हे सगळ्यांना दिसलं होतं, हात वरून खाली येताना दिसले होते. आत्याबाईंनी कड धरली नाही.

आता गांधी चौकाचं लिहिते. तिथं जे झालं त्याचं मला वाईट वाटलं, कारण हेच पथक अर्ध्या तासापूर्वी एवढं उत्तम वाजवून आलं होतं.

चौकात जागा मोठी. तिथं त्यांनी मोठं रिंगण केलं, ढोल बाहेरच्या बाजूला तोंड करून, आणि वाजवत फिरायला सुरुवात केली. मधे ध्वजाच्या मुली दोन्ही हातांत ध्वज घेऊन उलट दिशेनं फिरत होत्या. वर ड्रोन. त्यात तीन वेळा पेपर ब्लास्ट, म्हणजे कागदाचे तुकडे उडवणारे बार. पहिल्या ब्लास्टला ताशा दबला. दुसऱ्याला रिंगणाच्या अलीकडच्या पोरांचा ठेका पलीकडच्या पोरांपासून सुटला, आणि जवळजवळ मिनिटभर चौकात दोन वेगवेगळे ठेके चालू होते. तोंडं बाहेर, पाठी एकमेकांकडं, मधे अंतर. कुणी कुणाला बघणार आणि कुणी कुणाला ऐकणार? ध्वजाच्या मुली तोंडानं "एक दोन तीन चार" मोजायला लागल्या, कारण वाद्याकडून त्यांना काहीच मिळत नव्हतं. शेवटी टोलवाल्या मुलानं प्रसंग सावरला. तो मधे येऊन सरळ एकेक ठोका देत उभा राहिला, आणि त्याच्यावर हळूहळू सगळे परत आले. त्या मुलाचं मी नंतर जाऊन कौतुक केलं.

पथकप्रमुख स्वतः म्हणाले, "ताई, ते रिंगण वरून फार छान दिसतं." वरून छान दिसतंच. दुसऱ्या दिवशी मी ते चित्रण बघितलं, कमळासारखं उमलत होतं. पण चौकात उभ्या हजारभर माणसांपैकी किती जण वर होते? गच्चीवरचे पन्नास. बाकीच्यांना दिसली ती समोरच्या चार ढोलवाल्यांची गडबड. अमेरिकेतल्या त्या स्पर्धांमध्ये मैदानभर आकृत्या काढतात हे खरं. पण तिथं प्रेक्षक आणि परीक्षक उंच पायऱ्यांवर बसतात, त्यांना ती आकृती दिसते. तिथं जे शोभतं ते उचलून गांधी चौकातल्या सपाट रस्त्यावर आणलं तर बघणाऱ्याला काही मिळत नाही आणि वादकाचं ऐकणं जातं. रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्यांना तीन-चारच गोष्टी कळतात : कोण उंच झालं, कोण खाली बसलं, वाट कुठं उघडली, हात कधी थांबले. गोलाईत त्यांनी नेमकं हेच वापरलं होतं.

त्या स्पर्धेची गुणांची वाटणी मला पटते म्हणून इथं देते. एकूण १०० गुण. ३० संगीताला, ३० दृश्याला, आणि ४० एकूण परिणामाला. सगळ्यात मोठा वाटा एकट्या संगीताचा नाही, एकट्या दिसण्याचाही नाही. आपल्याकडं पथकांच्या स्पर्धा घेणाऱ्या मंडळांनी हे बघावं. पोशाख, शिस्त, वादन असे वेगवेगळे रकाने करून बेरीज केली की ज्याच्या तिन्ही गोष्टी बऱ्या आहेत तो पहिला येतो, मग त्या तिन्ही एकमेकांना धरून असोत की नसोत.

पोशाखाबद्दल थोडं. पांढरा कुर्ता, कमरेला भगवा शेला, डोक्याला फेटा. दिसायला भरदार. पण तिसऱ्या ओळीतल्या एका मुलाचा फेटा सैल बांधलेला होता, तो घसरून एका डोळ्यावर आला. दोन्ही हात ढोलात अडकलेले. कापड सावरायचं कसं, त्याला काही सुचेना. डोकं झटकत, मान तिरकी करत तो बराच वेळ तसाच वाजवत राहिला, आणि त्यात त्याचे ठोके गळत होते. शेवटी ध्वजाच्या मुलीनं ध्वज दुसरीकडं दिला आणि त्याचा फेटा नीट खोचला. वाजवणाऱ्यांना घट्ट शिवलेली टोपी किंवा कपाळाला पट्टी बरी. फेटा ध्वजवाल्यांना शोभतो, आणि त्यांचे हात तरी मधेमधे मोकळे होतात.

मी शाळेत असताना लेझीम खेळायचे, त्यामुळं या गोष्टी डोळ्यांत भरतात. लेझमाचं एक आहे, अंग हलल्याशिवाय ती वाजतच नाही. खाली वाकून झटका दिला तर एक आवाज, वर उचलून उघडली तर दुसरा. ओळीत एक मुलगी चुकीच्या बाजूला वाकली तर ते दिसतंही आणि ऐकूही येतं. आमच्या बाई नुसत्या पाठमोऱ्या उभ्या राहून सांगायच्या, "डावीकडून तिसरी, वाकली नाहीस." हलगीचंही तसंच. शेकून ताणलेली हलगी घेऊन वाजवणारा गडी ठेक्याबरोबर कमरेतून झुकतो, त्याला कुणी नृत्य शिकवलेलं नसतं. दिंडीतली पावली बघा, टाळ आणि पाऊल एकाच वेळी पडतात. आपल्याकडं हे पिढ्यान्‌पिढ्या आहेच. ढोल जड असतो, कमरेला बांधलेला असतो, त्यामुळं तिथं अंग आणि आवाज जोडायला मुद्दाम विचार करावा लागतो. तो विचार या पथकानं गोलाईत केला आणि चौकात केला नाही.

बाकी किरकोळ. झांजा चार होत्या, दोन पुरल्या असत्या. गोलाईत झांज भिंतीवरून परत येते आणि ताशाच्या बारीक ठोक्यांवर बसते. मोठ्या पथकांकडं बघून संख्या वाढवू नये. २८ ढोल आमच्या गल्लीतल्या रस्त्याला जास्तच होते, २० चांगले वाटले असते आणि ओळी मोकळ्या चालल्या असत्या. लेकरांची वागणूक उत्तम. नाश्त्याच्या ताटल्या स्वतः उचलल्या, देवळापुढं चपला काढल्या, मुली-मुलांमध्ये काम सारखं वाटलेलं. ताशावर आठांत पाच मुली.

वाजवून झाल्यावर ती ताशावाली मुलगी पाणी प्यायला दुकानात आली. आत्याबाईंनी तिला गादीवर बसवून घेतलं आणि काड्या बघायला मागितल्या. तिनं एक काडी त्यांच्या हातात दिली आणि मनगट कसं सोडायचं ते दाखवलं. आत्याबाईंनी पालथ्या पातेल्यावर दोन ठोके मारले, एक कडेला, एक मधे.

उरलेले २५ हजार दुसऱ्या दिवशी दिले, आणि पुढच्या वर्षीचा इसार त्यातच सांगून ठेवला. पावतीच्या मागं पथकप्रमुखांच्या हातानंच लिहून घेतलंय : ढोल २०, झांजा २, पेपर ब्लास्ट नाही, गांधी चौकात रिंगण केलंच तर तोंडं आत. आणि गोलाईत ताशा उघडा.